चौथ्या पानावरची नावे

९ जून २०१३, रविवार. आमच्या पुरातत्त्व व इतिहास मंडळाच्या वार्षिक वर्गणीचे एकशे वीस रुपये मी त्या दिवशी एका बाईंकडून घेतले आणि पावती क्रमांक ४४ फाडून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, सभासदांची नावे मंडळ कुठे छापते का? मी म्हणालो, तसा प्रसंग अजून आलेला नाही. त्या बरे म्हणाल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

मंडळात पुढे सगळे त्यांना ब्रशमावशी म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणतो.

मावशी तेव्हा साठीच्या होत्या. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणे आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे हे काम त्यांनी एकतीस वर्षे केले आणि चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. एवढ्या वर्षांत एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावावर गेले नाही. ही गोष्ट त्या फार कमी वेळा सांगत, आणि सांगताना आवाज खाली आणत, एखाद्याने शिल्लक किती आहे ते सांगावे तसा.

त्या आमच्याकडे आल्या त्या इतिहासाच्या ओढीने नव्हे. घर दोन खोल्यांचे. मागच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपलेला, पुढच्या खोलीत सुनेने रविवारी चार ते सहा शिकवणी सुरू केलेली. सून वाईट नव्हती, सरळ बोलणारी होती. आई, दोन तास कुठेतरी बसून या, तुम्ही समोर असलात की मुलं तुमच्याकडेच बघत बसतात, असे तिने सांगितले. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमची व्याख्याने होत. पंखे चांगले होते, मध्यंतरात चहा फुकट होता. पहिल्याच रविवारी जुन्या वजनमापांवर दीड तासाचे व्याख्यान झाले. शेवटपर्यंत जागी राहिलेली माणसे म्हणजे व्याख्याता आणि मावशी.

त्यांची एकच हौस होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. आपले नाव, आपण केलेल्या कामाखाली, एकदा छापलेले बघायचे होते. प्रयोगशाळेच्या अहवालावर डॉक्टरांचे नाव, नळीवर रुग्णाचे. दारावरच्या पाटीवर आधी नवऱ्याचे, मग मुलाचे. नवरा वजनकाट्यावर कारकून होता. तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात मागे पत्नी व एक मुलगा असा परिवार आहे, एवढेच. "मतदार यादीत आहे माझं नाव," त्या म्हणाल्या, "पण तिथे मला पुरुष केलंय."

मंडळाचे सभासद तेव्हा सदतीस. अध्यक्ष इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सर म्हणत. चिटणीस जमीन-मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणून मोजणीसाहेब. विनोदाचे खाते त्यांच्याकडे होते. खजिनदार मी. दर रविवारी एक व्याख्यान आणि वर्षाला तीन सहली. सहलीत सर छत्री घेऊन पुढे चालत आणि पडक्या भिंतीपाशी थांबून छत्रीच्या टोकाने शतके दाखवत. त्यांच्या मागे सभासद, वह्या घेऊन. सगळ्यांत मागे मावशी, चहाचे दोन थर्मास घेऊन. ते थर्मास त्यांच्याकडे कोणी दिले, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या सहलीपासून ते त्यांच्या हातात होते.

डिसेंबर २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून आम्ही नदीच्या वळणावरच्या टेकाडात एक चाचणी खड्डा घेतला. असल्या कामात मातीचे थर वरून खाली मोजतात. पहिला थर कालपरवाचा, जितके खाली जाल तितके जुने. प्रत्येक थरातून निघालेली खापरे वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची, धुवायची, सुकवायची आणि मग प्रत्येकावर थराचा आकडा घालायचा. आकडा पुसू नये म्हणून आधी नेलपॉलिशचा पातळ पट्टा, त्यावर शाई, वर पुन्हा नेलपॉलिश. मावशी हे काम करायला बसल्या तेव्हा मोजणीसाहेबांनी सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, या वयात कुणाला दाखवायचं आहे? मावशी म्हणाल्या, तुमच्यापेक्षा जुनं गिऱ्हाईक आहे. त्या दिवशी त्यांच्या बाजूनेही लोक हसले.

त्यांची पद्धत प्रयोगशाळेतली होती. एका थराची खापरे संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. धुऊन झाली की मोजायची, आकडा वहीत, पाणी बदलायचे, ब्रश धुवायचा, मग पुढचा ट्रे. इतरांना हे फार संथ वाटे, म्हणून हळूहळू ते काम एकट्या मावशींचे झाले.

२७ डिसेंबरला दोन नंबरच्या आणि सात नंबरच्या थरांचे ट्रे वाचनालयाच्या गच्चीवर शेजारी शेजारी सुकत होते. सर एका वार्ताहराला घेऊन वर आले. त्यांनी या ट्रेमधले उचलले, त्या ट्रेमधले उचलले, बोलत राहिले, फोटो काढून घेतला आणि खापरे परत ठेवून खाली गेले.

पुढच्या रविवारी आकडे घालण्याआधी मावशींनी पुन्हा मोजणी केली. आठवड्यापूर्वी वहीत थर दोनची अडतीस आणि थर सातची एक्केचाळीस होती. आता सदतीस आणि बेचाळीस भरली. मी बाजूलाच खर्चाची पाकिटे लावत बसलो होतो. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. मी दोन्ही वेळची बेरीज केली. एकोणऐंशी आणि एकोणऐंशी.

"बेरीज जुळते ना? मग झालं," मी म्हणालो. "मोजताना एक इकडचं तिकडे झालं असेल."

"आम्ही लॅबमध्ये बेरीज नव्हतो बघत हो," त्या म्हणाल्या. "नळी बघायचो."

पण मी कॉमर्सचा पदवीधर, खजिनदार, वर त्यांच्यापेक्षा जुना सभासद. त्यांनी जुने आकडे एका रेघेने खोडले, नवे लिहिले, शेजारी सही केली आणि बेचाळीसच्या बेचाळीस खापरांवर सातचा आकडा घातला.

त्या बेचाळीसांत अंगठ्याएवढे एक काळे, चकचकीत खापर होते. ते फेब्रुवारीत सरांच्या नजरेला पडले. तसली चकाकी असलेली भांडी अडीच हजार वर्षांपूर्वी वापरत, असे सरांनी ठरवले. आमचे गाव तोपर्यंत फार तर सातशे वर्षांचे समजले जात होते. पुढची अडीच वर्षे सर त्या एका खापरावर बोलत राहिले. शाळांत बोलले, सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत बोलले. बँकेने दिनदर्शिकेवर खापराचा फोटो छापला. नगरपालिकेने संग्रहालयासाठी एक खोली द्यायचे कबूल केले. सर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गावाला माहीत झाले आणि त्यांची मान ताठ झाली.

मग चौसष्ट पानी पुस्तिका काढायचे ठरले, पाचशे प्रती. चौथ्या पानावर 'प्रत्यक्ष उत्खननात सहभाग' अशी यादी होती. जुलै २०१८ च्या बैठकीत सरांनी ती वाचून दाखवली. नावे अकरा, अकरावे मावशींचे. बैठक संपल्यावर त्यांनी माझ्याकडून कच्चा छापा मागून घेतला, खिडकीशी नेऊन वाचला आणि परत दिला. शेवटी घातलंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, शेवटचंच बरं, यादी संपते तिथे नजर थांबते.

ऑगस्टमध्ये खापरांची यादी प्रत्यक्ष खापरांशी ताडून बघायचे काम त्यांच्याकडे गेले, कारण त्यांनी घातलेले बारीक आकडे त्यांनाच वाचता येत. दोन दिवसांनी, संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहा घेत असताना, त्या माझ्या घरी आल्या. पिशवीत त्यांची वही होती, वहीत वर्तमानपत्राचे कात्रण होते. चहा नको म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितले ते असे. सातव्या थराची माती पिवळी आणि चिकट, नखात बसते, गोळ्या होऊन सुटते. दुसऱ्या थरात राख, ती पाण्यात धुरासारखी पसरते. हे काळे खापर धुताना पाणी राखाडी झाले होते. आकडा घालताना त्यांच्या मनात आले होते की हे इथले वाटत नाही, पण मी बेरीज जुळते म्हणालो होतो. आता कात्रण बघा. फोटोत सरांच्या बोटांत तेच काळे खापर आहे आणि त्यांच्या हाताखाली ट्रे आहे त्यावरची चिठ्ठी दोन नंबरची आहे. सरांनी ते दोन नंबरमधून उचलले आणि सात नंबरमध्ये ठेवले.

त्यांचे बोलणे संपायच्या आतच मला पटले होते. मी त्यांना राहू द्या म्हणालो. तीन वर्षे झाली, पुस्तिका जुळवून तयार आहे, खोली मिळते आहे. त्या ऐकेनात, तेव्हा मी स्पष्टच बोललो. "सांगितलंत तर चौथ्या पानावर राहाल असं मला वाटत नाही."

त्या बराच वेळ पिशवीचे बंद गुंडाळत राहिल्या.

"उद्या तुमच्या मिसेसचं रक्त बदललं असतं, तर राहू द्या म्हणाला असता?"

हे रक्त नाही, मी म्हणालो.

"माझं नाव येणार ना त्यात," त्या म्हणाल्या. "मग खोट्यासोबत नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरांकडे गेल्या. सरांनी त्यांना खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले. वही आणि कात्रण तपासतो म्हणून ठेवून घेतले. ती वही पुन्हा कोणी पाहिली नाही.

सप्टेंबरच्या बैठकीत सरांनी विषय काढला तो गंमत म्हणून. मावशींना तीन वर्षांपूर्वीच्या पाण्याचा रंग आठवतो, ते म्हणाले. मोजणीसाहेब म्हणाले, मला सकाळच्या चहाचा आठवत नाही, पण तो मावशींनी केलेला नव्हता म्हणून असेल. सगळे हसले. मी इतिवृत्त लिहीत होतो. मग सरांनी आवाज न बदलता सांगितले की धुणेपुसणे सहभागात धरायचे तर खड्ड्यावर पाणी आणून देणाऱ्यालाही धरावे लागेल, तेव्हा यादी दहा नावांचीच ठेवू. कोणी हरकत घेतली नाही. छापखान्यातून आलेल्या चौथ्या पानाचा छापा मी तपासला. दहा नावे होती आणि दहाही बिनचूक होती. मावशींना कळवायचे काम कोणाकडे द्यायचे हे इतिवृत्तात आले नाही, म्हणून ते कोणी केले नाही.

प्रकाशन १८ नोव्हेंबरला झाले. सभागृहात एकशे चाळीस माणसे, पाहुण्या म्हणून विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाच्या एक बाई. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मागच्या टेबलावर पुस्तिकांची चळत होती. त्यांनी वरची प्रत घेतली, चौथे पान काढले आणि यादीवरून बोट खाली नेले. बोट शेवटी थांबले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. मग त्यांनी प्रत मिटून चळतीवर ठेवली, कडा जुळवल्या आणि चहाचे कप मांडायला घेतले.

पाहुण्यांना सरांनी खापर मोठ्या कौतुकाने मखमलीच्या डबीत दिले. बाईंनी खिशातले भिंग काढले, खापराची तुटलेली कड बघितली, पुन्हा बघितली आणि डबी बंद केली. भाषणात त्यांनी मंडळाचे कौतुक केले, खड्ड्याच्या आखणीचे कौतुक केले आणि मग म्हणाल्या की एक गोष्ट न सांगता बसणे त्यांना जमणार नाही. हे भट्टीत दगडासारखे भाजलेले आणि मिठाची झिलई दिलेले आहे. असल्या बाटल्यांतून सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी शाई येत असे. शाईच्या बाटलीचा हा तुकडा सातव्या थरात कसा पोचला, ते मंडळाने तपासावे.

सभागृहात मागे कुठेतरी कपबशी वाजली. सर उठले. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातला होता. ते म्हणाले, शास्त्र असेच पुढे जाते आणि मंडळ पाहुण्यांचे ऋणी आहे. खापरे धुण्याचे आणि त्यांवर आकडे घालण्याचे काम आमच्याकडे एक अशिक्षित बाई हौसेने करतात, त्यात घोळ झालेला दिसतो.

मावशी आठवी शिकलेल्या होत्या. एकशे चाळीस माणसांनी माना मागे वळवल्या. त्यांच्या हातात थर्मास होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"सर, हे मी तुम्हाला ऑगस्टमध्ये घरी येऊन सांगितलं होतं."

"मला?" सर म्हणाले. "चहाचं काहीतरी सांगितलं असेल, मावशी."

लोक हसले. मघापासून अवघडून बसलेल्या माणसांना हसायला जागा मिळाली, म्हणून जास्तच हसले.

"वही दिली होती तुमच्याकडे. खजिनदारांना विचारा, आदल्या संध्याकाळी त्यांनाही दाखवली होती."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी पहिल्या रांगेत होतो, मांडीवर पुस्तिका विक्रीचे पावतीपुस्तक होते.

"काय हो, असं काही झालं होतं?"

"मला नक्की आठवत नाही," मी म्हणालो.

मावशी आणखी काही बोलतील असे वाटले होते. त्यांनी थर्मास उचलला आणि कप भरायला लागल्या. त्या दिवशी चहा सर्वांना पुरला.

तीन दिवसांनी कार्यकारिणी बसली. पुस्तिका रद्द करायची तर छपाईचा खर्च अंगावर येत होता. शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर चिकटवायचे ठरले. मजकूर सरांनी सांगितला, मी लिहून घेतला. पृष्ठ १७ ते २३ वरील खापर क्रमांक ७/२९ संबंधीचे विवेचन रद्द समजावे. धुलाई व क्रमांकन करताना श्रीमती अमुक यांच्या हातून झालेल्या निष्काळजीपणामुळे ही चूक घडली असून मंडळ वाचकांची दिलगिरी व्यक्त करीत आहे. अमुकच्या जागी त्यांचे संपूर्ण नाव होते, स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव. नाव न घालता 'कार्यकर्त्याच्या हातून' म्हणावे का, असे मी विचारले. सर म्हणाले, दहा कार्यकर्त्यांची नावे आत छापली आहेत, लोक त्यांच्यावर संशय घेतील. हे तर्कशुद्ध होते. छापा मी दोनदा तपासला.

त्रेसष्ट प्रती विकल्या गेल्या होत्या, चारशे सदतीस उरल्या होत्या. चिकटवायचे कोणी, हा प्रश्न आला.

"चिठ्ठ्या चिकटवण्यात मावशींचा हात कोण धरणार?" मोजणीसाहेब म्हणाले. "एकतीस वर्षांचा अनुभव आहे."

निरोप मीच दिला. त्या येणार नाहीत असे मला वाटले होते. रविवारी चार वाजता त्या आल्या, बाही वर केली आणि टेबलाशी बसल्या. मी शुद्धिपत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. वरचे पत्र उचलून त्यांनी दिव्याखाली धरले, वाचले आणि पुन्हा वाचले.

"हे आता बदलणार नाही ना?"

छापून झालंय, मी म्हणालो.

"नाव बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि डिंकाचे झाकण उघडले.

दोन रविवार लागले. त्यांनी एकही पत्र तिरपे लावले नाही. डिंकाचा पुसट हात लावायचा, पत्र कडेशी जुळवायचे, वरून कोरडे फडके दाबायचे, पुस्तिका उघडी ठेवून वाळू द्यायची, मग मिटायची. चारशे सदतीस वेळा. पहिल्या रविवारी दोनशेच्या सुमारास मंडळाचा डिंक संपला, तेव्हा त्या खाली जाऊन स्वतःच एक बाटली घेऊन आल्या. बिल मला नंतर देते म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी काम संपल्यावर त्यांनी विचारले, यातली एक प्रत मला मिळेल का? मोजणीसाहेबांनी नियम सांगितला. सहभागींना मोफत, इतरांना साठ रुपये. त्यांनी साठ रुपये दिले, मी पावती फाडली. प्रत त्यांनी चळतीतून निवडून घेतली नाही, सगळ्यांत वरची घेतली.

त्या पुन्हा आल्या नाहीत. आठवड्याने त्यांचा मुलगा मंडळाचे तीन ब्रश आणि नेलपॉलिशची अर्धी बाटली परत करायला आला. रात्रपाळीला निघालेला होता, उभाच राहिला.

"आईने पुस्तक दाखवलं," तो म्हणाला. "नाव बघ म्हणाली. नावाखाली बोट धरलं होतं तिने. मी पुढचंही वाचलं."

मी पावतीपुस्तक मिटले.

"माझ्या बायकोने वाचलं आणि ती हसली. आता क्लासची मुलंसुद्धा आईला निष्काळजी आजी म्हणतात." त्याने ब्रश टेबलावर ओळीने ठेवले. "हे लिहिलं कोणी?"

कार्यकारिणीने, मी म्हणालो. तो बरं म्हणाला, खिशातून दुकानाची एक चिठ्ठी काढून ब्रशांशेजारी ठेवली आणि गेला.

नगरपालिकेची खोली मंडळाला मिळाली, कारण ठराव आधीच झालेला होता. सर गेल्या वर्षी वारले, त्यांचा फोटो तिथे लावला आहे. पुस्तिकेच्या दोनशे दहा प्रती अजून कपाटात आहेत. मी येत्या मार्चमध्ये नोकरीतून निवृत्त होतो आहे आणि खजिनदारपदही सोडतो आहे, म्हणून कागद लावून ठेवतो आहे.

मुलाने ठेवलेली चिठ्ठी फाइलमध्ये आहे. डिंक, बाटली एक, रुपये पंच्याऐंशी. तिच्यावर मंडळाचे नाव नसल्यामुळे ती मंजूर झाली नाही. पंच्याऐंशी रुपये मावशींना देणे बाकी आहे.